आत्ताचा कान, मघाचा कान

तिला कान दोनच होते, पण त्या दोघांत सात सेकंदांचं अंतर होतं. उजव्या कानात माणूस आत्ता बोलत असायचा. डाव्या कानात त्याचंच बोलणं मघाचं होऊन, मागे रेंगाळत, शहराकडे निघालेलं असायचं. बावीस वर्षं, रोज सकाळी दहा ते अकरा, ती या दोन कानांमधल्या बोळात उभी होती. त्या बोळातून काय जाऊ द्यायचं नि काय नाही हे ठरवायला तिच्याजवळ एक लाल बटण होतं.

शहराच्या त्या छोट्या रेडिओ केंद्रात सगळे तिला कानताई म्हणत. घरी नवरा म्हणे, "हिला चहा हवा का विचारा आणि बसा मोजत. सात म्हणेपर्यंत उत्तर यायचं नाही." ती खरंच सात मोजायची आणि मग म्हणायची, "हवा."

कार्यक्रमाचं नाव होतं 'तुमचं म्हणणं'. कुणीही फोन करावा, कुणीही बोलावं. नाव सांगा, नका सांगू. नळाला पाणी नाही म्हणून कुणी चिडायचं, सून बोलत नाही म्हणून कुणी रडायचं, आणि नगराध्यक्षांच्या डोक्यात काय भरलंय याचे सबळ पुरावे देणारे तर रोजचे दोन असायचेच. निवेदन करायचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, आवाज उन्हात वाळवलेल्या सुती धोतरासारखा स्वच्छ. काचेपलीकडे ते बोलायचे, काचेअलीकडे कानताई ऐकायची.

माणसाचं बोलणं थेट हवेत जात नसे. आधी ते एका यंत्रात सात सेकंद मुरायचं. त्या यंत्राला केंद्रातले लोक गाळणी म्हणत. लाल बटण दाबलं की गाळणीतली ती सात सेकंदं पुसली जायची, जणू ती बोललीच गेली नव्हती. मग गाळणी पुन्हा भरेपर्यंत सात सेकंदांची एक धून वाजायची, हवेतही आणि फोनवरच्या माणसाच्या कानातही.

ही धून म्हणजे एका बाईचं गुणगुणणं होतं. केंद्र नवं होतं तेव्हा वाजवायला धूनच नव्हती. म्हणून कानताईने घरी जाऊन, भांडी घासता घासता गुणगुणणाऱ्या आपल्या आईपुढे ध्वनिमुद्रक धरला होता. धाकट्या भावाला निजवताना आई जे गुणगुणायची तेच ते. शेवटी आईला बारीकसा खोकला आला होता. तो कापायचा राहून गेला आणि मग कापवेना. आईला जाऊन सहा वर्षं झाली. खोकला अजून होता.

पण ही धून शहराने फारशी ऐकलीच नव्हती. बावीस वर्षांत कानताईने बटण दाबलं होतं चार वेळा. फक्त चार. याचा तिला इतका अभिमान होता की नवरा तो पाहुण्यांना सांगायचा आणि ती "पुरे हो" म्हणत जागेवरून हलायची नाही. यंत्राच्या वर, तिच्या अक्षरात, एका पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं:

राग जाऊ दे.
शिवी जाऊ दे.
पत्ता जाऊ देऊ नकोस.

*

दोन महिन्यांपूर्वी शहरात एक पत्रक फिरलं होतं. सीमेपलीकडून आलेल्या माणसांनी आपली कामं खाल्ली, आपली घरं खाल्ली, असं त्यात होतं. शेवटच्या ओळीत एका शिंप्याच्या दुकानाचा पत्ता होता. तिसऱ्या दिवशी ते दुकान जळलं. शिंपी वाचला, त्याची बायको वाचली नाही.

त्यानंतर सुरक्षा खात्याच्या एक बाई केंद्रात आल्या. वय पस्तिशीचं, केस घट्ट बांधलेले, पिशवीत एकाच रंगाची तीन पेनं. सगळे त्यांना मॅडम म्हणू लागले.

"पुढचे पाच दिवस मी इथे बसणार आहे," मॅडम म्हणाल्या. "कुणी कुणाविरुद्ध भडकावलं आणि ते हवेत गेलं, तर तुमची खुली लाइन बंद. फोन आधी ध्वनिमुद्रित होतील, आमच्याकडे तपासले जातील, दुसऱ्या दिवशी वाजवले जातील."

"म्हणजे शिळं म्हणणं," मास्तर म्हणाले.

"शिळं चालेल. जळकं नको."

 कानताई म्हणाली, "मॅडम, या शहरात अशी एवढी एकच जागा आहे, जिथे माणसाला विचारून बोलावं लागत नाही. ती बंद केलीत तर माणसं बोलायची थांबणार नाहीत. फक्त आपल्याला ऐकू येणार नाहीत."

"ते दुकान मी पाहिलंय," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. "शिलाई यंत्राच्या पायपट्टीवर तिची चप्पल चिकटली होती. तुम्ही नुसतं ऐकलंत, ताई. मी पाहिलंय."

यावर कानताईने सात मोजले. तिने शेजारची खुर्ची पुसली आणि मॅडमपुढे सरकवली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मॅडमच्या जिवाला चैन पडेना. एकाने नगराध्यक्षांना तुरुंगात घाला म्हटलं आणि त्यांनी कानताईच्या मनगटावर हात ठेवला. "दाबा ना!"

"राग आहे तो."

बुधवारी एका आजीने रेशनच्या रांगेतल्या पलीकडच्या बायकांना जे काही म्हटलं, ते ऐकून मास्तरांचे कान लाल झाले.

"हे तर दाबाल?"

"शिवी आहे ती. आत्ता थांबा, उत्तर येईल बघा."

उत्तर आलं. त्याच रांगेतली पलीकडची एक बाई फोनवर आली आणि म्हणाली, "आजीबाई, उद्या माझ्या पुढे उभ्या राहा. शिव्या तोंडावर द्या. रेडिओवर माझा नवरा ऐकतो आणि नवे शब्द शिकतो." काचेपलीकडे मास्तर असे हसले की पाण्याचा पेला कलंडला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते लिहिताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, हे कानताईने पाहिलं.

*

शुक्रवारी, साडेदहाच्या सुमाराला, एक माणूस लाइनवर आला. "मी एक कामगार बोलतोय," तो म्हणाला.

कानताईचा उजवा कान थरारला. तो आवाज तिने पाळण्यात ऐकला होता, शाळेच्या फाटकाशी ऐकला होता, आणि तीन आठवड्यांपूर्वी जेवणाच्या टेबलावरून ताडकन उठताना ऐकला होता. भुंग्या! तिचा धाकटा भाऊ. लहानपणी सतत गुणगुण करायचा म्हणून आईने ठेवलेलं नाव. रंगाच्या कारखान्यातून काढून टाकल्यापासून तो कुणा नव्या मित्रांच्या बैठकीला जायचा. बाबांनी त्याच्या खिशात ते पत्रक पाहिलं, शब्दाला शब्द लागला आणि तो घर सोडून गेला. तेव्हापासून बाबा रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवत आणि रात्री तसंच उचलत.

ती मॅडमना काही बोलली नाही. बोलायला वेळच नव्हता.

"चौदा वर्षं मी रंग ढवळला," भुंग्या सांगत होता. "माझ्या नखांचा रंग अजून जात नाही. मला काढलं आणि अर्ध्या पगारात पलीकडची दोघं घेतली. मी कुणाला विचारू? साहेब म्हणतो, बाजार असा आहे. बाजाराचा पत्ता कुणी सांगेल का मला? मी त्याच्या दारात जाऊन बसेन."

खरं बोलत होता. चिडून बोलत होता, काही तर अन्यायाचंही बोलत होता, पण स्वतःचं बोलत होता. कानताईचा हात मांडीवरच होता.  किती दिवसांनी बोलतोय हा! बोल रे, बोल.

आणि मग आवाज बदलला.

बावीस वर्षं ऐकणाऱ्या माणसालाच कळावं असं ते होतं. श्वास सपाट झाला. शब्दांमधलं अंतर एकसारखं झालं. माणूस बोलतो तेव्हा अडखळतो, मागे येतो, "म्हणजे काय" म्हणतो. हा आता अडखळत नव्हता. भावाच्या हातात कागद आला होता.

"म्हणून ज्याला हे शहर आपलं वाटतं त्याने जुन्या पोस्टामागच्या वसतिगृहावर..."

एक. तिने मोजायला सुरुवात केली.

"दाबा!" मॅडम ओरडल्या.

दोन. बोट बटणावर गेलं आणि थांबलं. वसतिगृहात पलीकडून आलेली चाळीस-पन्नास माणसं राहत होती, पोराबाळांसकट. पत्ता कळला, पण वेळ? वेळ कळली नाही तर मॅडम माणसं पाठवणार कधी?

तीन. डाव्या कानात भुंग्या अजून म्हणत होता, बाजाराचा पत्ता कुणी सांगेल का मला. मघाचा भाऊ निर्मळ होता. आत्ताचा भाऊ वाचत होता.

चार. "दाबा म्हणते ना! ताई! काय करताय?" मॅडम खुर्चीवरून उठल्या, त्यांचा हात बटणाकडे आला. कानताईने तो कोपराने अडवला. आयुष्यात कुणाला कोपर मारलं नव्हतं तिने.

पाच. "...मागच्या दाराने, डबे घेऊन..."

सहा. "...आज दुपारी चार वाजता."

तिने बटण दाबलं.

आई गुणगुणू लागली. हवेत, शहरात, न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकांवर, टॅक्सीच्या टपाखाली आणि फोनच्या त्या टोकाला, कागद धरलेल्या माणसाच्या कानात. भांड्याचा एक हलका आवाज. पाण्याची धार. एक ओळ वर गेली, खाली आली. मग तो बारीकसा खोकला.

"लाइन तोडा," मॅडम म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

"नाही."

"तुम्ही उशीर केलात!"

"सातवं सेकंद शिल्लक होतं. एक शब्द बाहेर गेलेला नाही, डावा कान तुम्ही लावून बघा. जुनं पोस्ट, मागचं दार, चार वाजता. हे ऐकायला थांबले. आता तुम्ही तुमचा फोन करा, मॅडम. मी माझा सांभाळते."

 मॅडम दार उघडून बाहेर धावल्या.

कानताईने आतल्या माइकचं बटण दाबलं. "मास्तर, त्याला म्हणा, कागद खाली ठेव."

मास्तरांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्यांनी काय वाचलं कोण जाणे. पण त्यांचा आवाज वर्गातल्या सर्वात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तसा मऊ झाला. "अहो, कामगार, मघाशी नखांच्या रंगाचं सांगत होतात. कागद खाली ठेवा आणि तेच पुढे सांगा. आम्ही ऐकतोय."

फोनवरून काहीच नाही. सात सेकंद, आठ, नऊ. नुसता श्वास. ती शांतताही मुरली आणि हवेत गेली. इतकी लांब शांतता या शहराने रेडिओवर कधी ऐकली नव्हती.

मग फुटका आवाज आला. "ताई, आईला लावायचं नव्हतंस गं."

आता हे तिला कापता आलं असतं. बटणावर बोट होतंच. नाही कापलं तर चार दिशांना कळणार होतं की बटणावरची बाई भडकावणाऱ्याची बहीण आहे. केंद्राची बदनामी, मॅडमच्या वहीत एक ओळ, शेजाऱ्यांच्या तोंडी वर्षभराचा विषय. तिने बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. ना राग, ना शिवी, ना पत्ता. जाऊ दे.

गेलं.

"कागद माझा नाही," भुंग्या म्हणाला. आता तो अडखळत होता, आणि तिच्या कानाला ते अडखळणं अमृतासारखं लागलं. "मला म्हणाले, तुझी बहीण बटणावर आहे, ती तुला कापणार नाही. म्हणून मला दिला. पण माझं काम गेलं ते खरं आहे. ते कागदात नव्हतं. मी अजून म्हणतो, पलीकडच्यांनी अर्ध्या पगारात काम घेऊन आमचं वाटोळं केलं. म्हणजे काय... त्यांना पण कुणीतरी अर्धाच देतो ना... मला माहीत नाही. मला काम पाहिजे. एवढंच माझं म्हणणं आहे."

"नोंद झाली," मास्तर म्हणाले. "शहराने ऐकलं."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

*

मॅडम परत आल्या तेव्हा पुढच्या फोनवर कुणीतरी गटाराच्या झाकणाबद्दल बोलत होतं. कार्यक्रम अकराला संपला. मॅडम म्हणाल्या, "वसतिगृह रिकामं करतोय. मला त्या माणसाचा नंबर लागेल."

यंत्रावर नंबर दिसत होता. पण कानताईने तिकडे पाहिलं नाही. तिने मॅडमचं पेन घेतलं आणि नंबर पाठ होता तसा लिहून दिला, खाली नाव, नावाखाली ज्या मित्राकडे तो राहत होता असं बाबांना वाटत होतं तो रस्ता.

"माझा सख्खा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "ज्यांनी कागद दिला ते त्याला माहीत आहेत. त्याला लवकर गाठा. त्यांच्या आधी गाठा."

मॅडमनी कागद घेतला. "त्यांना वाटलं, तुम्ही दाबणार नाही."

"त्यांनी माझा भाऊ बरोबर ओळखला," कानताई म्हणाली. "मला ओळखायला चुकले." आणि हे म्हणताना तिची मान अशी ताठ झाली की हेडफोनच्या तारेला ताण बसला.

चार वाजता वसतिगृहाच्या मागच्या दारात पाच जण डबे घेऊन आले. आत त्यांची वाट बघणारे वेगळेच होते.

*

संध्याकाळी कानताई बाबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. बाबांनी जेवणाचा डबा आणला होता. लांबलचक व्हरांड्यात एका बाकावर भुंग्या बसला होता, कोपरं गुडघ्यांवर, नखं अजून निळी. दुपारी पोलीस त्या रस्त्याला वळायच्या आतच तो स्वतःच्या पायांनी इथे येऊन बसला होता. पाच नावं त्याने विचारायच्या आधी सांगितली होती. तरी आज रात्री त्याला सोडणार नव्हते, आणि पुढचं न्यायाधीश ठरवणार होते.

"तू मला धरून दिलंस," तो बहिणीला म्हणाला.

"हो."

"मला कापलंस."

"तुला नाही. कागदाला."

त्याने नखांकडे पाहिलं. "आणि माझं बोलणं? नखांचं, बाजाराचं?"

"सगळं गेलं. एक अक्षर कापलं नाही. तुझ्या लाडक्या पलीकडच्यांबद्दलचंसुद्धा."

"आईचा खोकलासुद्धा?"

"खोकल्यासकट."

बाबा डबा उघडत होते. झाकण निघेना. "मी शिंप्याकडे होतो," ते म्हणाले. कुणालाच काही न सांगता ते शिंप्याला रोज भेटायला जात, हे कानताईला तेव्हा कळलं. "त्याच्या खोलीत रेडिओ लावला होता. गुणगुणणं ऐकलं आणि मी उठून उभा राहिलो. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझी बायको आहे ही. दोघा पोरांना एकदम गप्प करायला आली असणार, उगाच नाही यायची." मग त्यांनी कानताईकडे पाहिलं. "म्हटलं, आणि बटणावर माझी लेक आहे. दोनदा म्हटलं. त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पण मी दोनदा म्हटलं."

भुंग्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. बाबांनी झाकण त्याच्याच हातात दिलं. "काढ. माझ्याने निघत नाही."

*

सोमवारी मॅडम आल्या नाहीत. त्यांचा अहवाल आला. मास्तरांनी तो मोठ्याने वाचला, दीडच ओळ होती: खुली लाइन चालू ठेवावी. बटणावरची व्यक्ती बदलू नये. पाकिटात एक जाड पुठ्ठा होता, नवा, त्यावर मॅडमच्या नेटक्या अक्षरात त्याच तीन ओळी. सोबत चिठ्ठी: जुना मला हवा आहे, माझ्या टेबलासाठी.

"देणार?" मास्तरांनी विचारलं.

कानताईने मनात सात मोजले. "देते. पण अक्षर माझं आहे म्हणून सांगा त्यांना."

दहा वाजले. पहिला फोन आला. एक म्हातारा गृहस्थ, आवाज खणखणीत. "त्या बटणावरच्या बाईला माझा निरोप द्या! शुक्रवारी तिने एका गरीब कामगाराचं तोंड बंद केलं! कुणी दिला अधिकार? सरकारची चमची आहे ती! स्वतःच्या भावाला विकणारी बाई! बहिरी, आगाऊ, नाक वर करून बसलेली..." शब्द संपेनात. मास्तरांनी काचेतून भुवया उंचावल्या: कापायचं का?

तिने नाही म्हणून मान हलवली. उजव्या कानात म्हातारा तिला नव्या शिव्या देत होता, डाव्या कानात मघाच्या शिव्या शहराकडे निघाल्या होत्या. दोन्ही कान भरून तिने ऐकलं. हात मांडीवर होता. मान ताठ होती.

"पुढे बोला," मास्तर म्हणाले. "आम्ही ऐकतोय."